कंप्युटरला हरवणारे गौतमचंद

जालन्याच्या मस्तगड भागातल्या कुचेरियांच्या हार्डवेअरच्या दुकानात कुणी खिळे घ्यायला गेलं, तर खिळ्यांसोबत त्याला एक बातमी फुकट मिळायची. ती म्हणजे, गौतमचंद शेठनी आजही कंप्युटरला हरवलं. बातमी खुद्द गौतमचंदच द्यायचे. तीही मोठ्यानं नाही. खिळे तोलता तोलता, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तशी.

"आज सकाळी पुन्हा मात दिली. बेचारा काय करील."

नवं गिऱ्हाईक विचारायचं, "कोणाला?"

मग गौतमचंद गल्ल्यामागच्या छोट्या टेबलाकडे हनुवटी वळवायचे. तिथे पापडाच्या पाटाएवढी एक तपकिरी पेटी होती. वर बुद्धिबळाचा पट, पटाच्या कडेला बारक्या लाल बत्त्या, बाजूला सहा-सात बटणं. अडतीसेक वर्षांपूर्वी त्यांचे साडू घड्याळांच्या धंद्यासाठी हाँगकाँगला गेले होते, तेव्हा त्यांनी हे मशीन भेट म्हणून आणलं. तेव्हा जालन्यात कंप्युटर हा शब्द लोक फक्त पेपरात वाचायचे. त्यामुळे ते बघायला नव्या जालन्यातून लोक आले होते, असं गौतमचंद सांगत. प्रेमबाई, म्हणजे त्यांची बायको, सांगत की लोक आले होते ते साडूंनी आणलेले चॉकलेट खायला.

मशीन खेळायचं मोठ्या गमतीनं. आपण मोहरं ज्या घरातून उचलायचं ते घर जरा दाबायचं, ज्या घरात ठेवायचं तेही दाबायचं. मग मशीन थोडा वेळ विचार करायचं, पीं पीं करायचं आणि कडेच्या बत्त्या लावून सांगायचं, माझं अमुक मोहरं तमुक घरात ठेवा. त्याला हात नव्हते. त्याची चाकरी आपणच करायची. मधल्या काळात त्याचा एक काळा उंट हरवला. गौतमचंदांनी त्याच्या जागी अर्ध्या इंचाचा नटबोल्ट ठेवला. दुकान हार्डवेअरचं असल्यावर उंटाला काय तोटा.

आता जे सांगायचं ते गौतमचंदांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या मशीनला मेमरी फार थोडी होती. आजच्या मोबाईलमधल्या एका फोटोला जितकी जागा लागते, त्याच्या शंभराव्या हिश्शातसुद्धा त्याचं सगळं डोकं मावलं असतं. कालचा डाव त्याला आज आठवायचा नाही. हरलं तर का हरलं, हे त्याला कळायचं नाही. समोरून तीच चाल आली की ते तेच उत्तर द्यायचं. साडूंनी ते दिलं तेव्हा पहिली काही वर्षं गौतमचंद त्याच्याशी रोज हरले. तिसऱ्या लेव्हलवर हरले, मग हट्टानं तिसऱ्याच लेव्हलवर हरत राहिले. आणि एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, ते जिंकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जशाच्या तशा चाली खेळून पाहिल्या. मशीननं जशीच्या तशी उत्तरं दिली. गौतमचंद पुन्हा जिंकले.

तेव्हापासून ते रोज जिंकत होते. तोच डाव, त्याच चाली, तोच शेवट. गडबडीत एखादी चाल उलटीसुलटी झाली आणि डाव अनोळखी वाटेला लागला, की ते डाव सोडून नवा मांडण्याचं बटण दाबायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. तो डाव धरायचा नाही, असा त्यांचा नियम होता. हा नियम मशीनलाही मान्य असावा, कारण त्यानं कधी तक्रार केली नाही.

माणसांशी मात्र ते खेळत नसत. तरुणपणी खेळायचे. पण हरले की दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही, आणि जिंकणारा गडी बाजारात भेटला की ते रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. प्रेमबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. "मशीन बरं आहे," त्या म्हणायच्या, "हरवलं तरी गावभर सांगत न्हाई."

एवढा काळ हे असंच बिनबोभाट चाललं. दुकान मुलाकडे, जिनेंद्रकडे गेलं, गौतमचंदांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, मशीनचा रंग उडाला, पण रोजची बातमी काही चुकली नाही. मग एके दिवशी राजानंद हिवाळे सर बिजागऱ्या घ्यायला आले.

राजानंद सर मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आणि जालन्यात नवं घर बांधत असलेले. उंच, सडपातळ, बोलण्यात सावकाश. बातमी ऐकून ते टेबलाजवळ गेले, नटबोल्टाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, मला पण थोडंफार येतं. एक डाव खेळायचा का?"

"मी माणसांसंगं खेळत न्हाई, सर."

"का हो?"

"माणसं टाइम लई खातात."

सरांना वाटलं, मोठा खेळाडू आहे, मोठ्यांचा स्वभाव असा असायचाच. त्यांनी बिजागऱ्या घेतल्या आणि मान राखून निघून गेले. पण गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त बुद्धविहाराच्या वाचनालयात ते बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवत. ते पुन्हा दुकानात आले.

"शेठ, यंदा उद्घाटन तुमच्या हातानं करायचं ठरलंय. रिबीन-बिबीन न्हाई. तुम्ही सगळ्यांसमोर कंप्युटरसंगं खेळायचं. पोरांना बघू द्या."

नाही म्हणायला गौतमचंदांनी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात गल्ल्यावरून जिनेंद्र म्हणाला, "बाबूजी तर रोजच हरवतात, त्यात काय," आणि दोन गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. उघडलेल्या तोंडातून होकार बाहेर पडला.

पुढचे काही दिवस गौतमचंद निर्धास्त होते. डाव पाठ होता. त्यांनी नवा पांढरा सदरा शिवून घेतला. एवढंच नाही, डाव संपल्यावर काय बोलायचं तेही ठरवलं: कंप्युटर कितीही हुशार असला तरी माणूस तो माणूस.

तयारी प्रेमबाईंनीही केली. वाचनालयात प्लग टेबलापासून लांब आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मशीन अडॅप्टरवर चालायचं. आत सेल असायचे ते फक्त लाईट गेल्यावर कामी यायला. ते सेल कधीचे होते कोण जाणे. भर सभेत मशीन बंद पडलं तर घराण्याची शोभा जायची. म्हणून उद्घाटनाच्या सकाळी गौतमचंद अंघोळीला गेले असताना त्यांनी दुकानातून घरी आणून ठेवलेल्या मशीनचा अडॅप्टर काढला, जुने सेल काढले, मशीन ओल्या फडक्यानं पुसलं आणि कोरे करकरीत सेल घातले.

आता, मशीन कुठल्या लेव्हलवर खेळायचं ही एक गोष्ट त्याच्या तेवढ्याशा मेमरीत राहायची, पण ती फक्त आत करंट असेपर्यंत. म्हणून सेल बदलताना अडॅप्टर लावलेलाच ठेवायचा असतो. हे गौतमचंदांना माहीत होतं. प्रेमबाईंना माहीत नव्हतं, कारण गौतमचंदांनी मशीनची कुठलीच गोष्ट त्यांना कधी सांगितली नव्हती. तेवढ्या मिनिटभरात मशीन तिसरी लेव्हल विसरलं आणि दुकानातून नवं आणलेलं मशीन ज्या लेव्हलवर असतं, त्या पहिल्या लेव्हलवर जाऊन बसलं.

वाचनालय भरलं होतं. पोरं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. भिंतीवर मोठा पट टांगला होता, आणि वाटूरच्या शाळेतल्या संध्या मॅडम त्यावर प्रत्येक चाल लावून दाखवणार होत्या, म्हणजे मागच्यांनाही दिसेल. पहिल्या रांगेत सर्जेराव बसले होते. एसटीत जन्मभर गाडी चालवून निवृत्त झालेले, सरांचे रोजचे खेळगडी. प्रेमबाई बाजूला खिडकीशी. मशीनचा अडॅप्टर सरांनी लांब वायर आणून प्लगला जोडला होता.

गौतमचंदांनी मिशीवरून हात फिरवला आणि झपाझप खेळायला लागले. पहिली चाल, दुसरी चाल, तिसरी. चाल करताना ते पटाकडे बघतही नव्हते. लोकांकडे बघून हसत होते. चौथ्या चालीला मशीननं पीं केलं, बत्त्या लागल्या, आणि गौतमचंदांनी न बघता काळा घोडा उचलला.

मशीननं नापसंतीचा आवाज काढला.

"शेठ," पंच म्हणून शेजारी बसलेले राजानंद सर हळू म्हणाले, "घोडा न्हाई. उंट सांगून राह्यलंय."

"घोडाच असतो इथं."

"बत्ती बघा ना."

गौतमचंदांनी पाहिलं. बत्ती नटबोल्टाच्या घराची लागली होती. "लॅम्प खराब झाला असंल," ते म्हणाले.

सरांनी चष्मा वर करून बत्त्या तपासल्या. बटणांच्या शेजारी लेव्हल दाखवणारी बत्ती होती, तीही त्यांना दिसली. पण ते एवढंच म्हणाले, "लॅम्प बिलकुल बराबर हाय."

गौतमचंदांनी नटबोल्ट उचलला आणि मशीननं सांगितलं तिथे ठेवला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पुढची चाल काय ते आपल्याला माहीत नाही.

हात आपोआप त्या नव्या डावाच्या बटणाकडे गेला. बटणापाशी सरांची पाण्याची बाटली होती आणि बाटलीपलीकडे शंभरेक माणसं होती. हात परत आला. गौतमचंदांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि तीसेक वर्षांत पहिल्यांदा ते विचार करायला लागले.

खोटं कशाला सांगा, ते बरे खेळले नाहीत. एक घोडा त्यांनी नुसताच देऊन टाकला. मग वजिराला वजीर मारून मोकळे झाले, त्यात हत्ती गेला. कपाळावरचा घाम सदऱ्यावर पडू लागला. पण मध्येच त्यांनी एक चाल अशी केली की एकाच प्याद्यानं मशीनची दोन मोहरी अडकली, आणि सर्जेराव मोठ्यानं "वा शेठ" म्हणाले. गौतमचंदांनी मान वर करून पाहिलं. रोज जिंकत होते, पण वा कुणी म्हणालं नव्हतं. त्या आनंदात पुढची चाल चुकली, हा भाग निराळा.

शेवटी पटावर उरलं काय, तर गौतमचंदांचा एकटा राजा आणि समोर मशीनचा राजा अन् एक हत्ती. बाकी सगळे धारातीर्थी पडले होते. समजणाऱ्यांना समजलं की डाव संपला. हातात हात देऊन उठायची ती वेळ. पण हात द्यायचा कुणाला, मशीनला हातच नाही. आणि गौतमचंदांना उठायचं नव्हतं. त्यांच्या मनात एकच आशा होती. एप्रिल महिना होता, दुपार होती, लाईट जायची वेळ झाली होती. लाईट गेली की आतल्या जुन्या सेलांवर मशीन कितीसं टिकणार, बंदच पडेल, आणि मग काय, लाईटीपुढे कोण काय करणार.

म्हणून ते वेळ काढू लागले. कोपऱ्यातल्या घरातून राजा शेजारच्या घरात न्यायचा, तिथून परत कोपऱ्यात आणायचा. प्रत्येक चालीला मिशी, चष्मा, पाणी.

आणि लाईट खरंच गेली. पंखे घरघरत थांबले. पोरांनी हूं केलं. गौतमचंदांनी सुटकेचा श्वास सोडून मशीनकडे पाहिलं, तर त्याच्या लाल बत्त्या अंधारल्या खोलीत आधीपेक्षा जास्त चमकत होत्या.

"सेल नवे घातलेत," खिडकीजवळून प्रेमबाई म्हणाल्या. "आज सकाळीच. काळजी नको."

गौतमचंदांनी बायकोकडे पाहिलं. त्या हसल्या. ते पुन्हा राजा कोपऱ्यात घेऊन गेले.

आता खरी गंमत अशी की मशीनही पुढे सरकत नव्हतं. हत्ती आणि राजानं मात द्यायची तर बऱ्याच पुढचं दिसायला लागतं, आणि पहिल्या लेव्हलवर त्याला दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. ते हत्ती एका घरानं पुढे घ्यायचं, मग एका घरानं मागे. गौतमचंदांचा राजा इकडे, हत्ती तिकडे. राजा तिकडे, हत्ती इकडे.

"गाडी डेपोतल्या डेपोतच फिरून राह्यली," सर्जेराव म्हणाले, आणि मागचे लोक हसले.

गौतमचंद हसले नाहीत. त्यांनी पुन्हा राजा उचलला.

"सर," भिंतीवरच्या पटापाशी उभ्या संध्या मॅडम म्हणाल्या, "हे मी आधी दोनदा लावलं होतं. अगदी हेच."

राजानंद सरांनी भिंतीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि हात वर केला. "थांबा शेठ. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली. नियमानं डाव बरोबरीत सुटला."

गौतमचंदांचा राजा हवेत राहिला. "म्हणजे मी हरलो न्हाई?"

"न्हाई."

"जिंकलो?"

"तसं पण न्हाई. अर्धा गुण तुम्हाला, अर्धा त्याला."

मशीन पीं पीं करत होतं. त्याची चाल झाली होती आणि ते गौतमचंदांच्या चालीची वाट बघत होतं.

"मंग त्याला का कळंना?"

"त्याच्या मेमरीत तेवढी जागा न्हाई, शेठ. मागं काय झालं ते त्याला आठवत न्हाई. त्याला वाटतं हे सगळं आत्ताच पहिल्यांदा होऊन राह्यलंय. तुम्ही दिवाळीपर्यंत बसले तरी ते असंच करंल."

टाळ्या पडल्या. पोरांनी तर फार वाजवल्या, कारण त्यांना आता स्वतःला खेळायचं होतं. सरांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. गौतमचंद उभे राहिले. माणूस तो माणूस वगैरे वाक्य त्यांना आठवलं, पण ओठावर आलं नाही. "कंप्युटर चांगला खेळला," ते म्हणाले आणि खाली बसले.

घरी गेल्यावर त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि लेव्हलची बत्ती पाहिली. पहिली. पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्या लेव्हलपुढे लिहिलं होतं: लहान मुलांसाठी. गौतमचंद बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. प्रेमबाईंनी ताट वाढलं तरी उठेनात, तेव्हा त्या जवळ आल्या.

"माझं काही चुकलं का सेलचं?"

यावर रागवायला जागा होती. चाळीस वर्षांच्या संसारात गौतमचंद याहून बारक्या गोष्टींवरून रागावले होते. पण रागवायचं तर रोजचा तो पाठ डाव, ते बटण, सगळंच सांगावं लागलं असतं.

"न्हाई," ते म्हणाले. "सेल तर बदलायलाच पायजे होते."

आणि जेवायला बसले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, की जेवण नेहमीसारखं लागत होतं.

पुढच्या रविवारी ते राजानंद सरांच्या नव्या घरी गेले. दाराच्या बिजागऱ्या त्यांच्याच दुकानातल्या, त्या जरा हलवून पाहिल्या, आणि म्हणाले, "सर, खेळायचं होतं."

"मशीन आणलं का?"

"न्हाई. तुमच्यासंगं."

सरांनी लगेच पट काढला. गौतमचंद हरले. हरताना त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेला काहीतरी शोधत होता. सरांनी पाहिलं आणि त्या बाजूला चहाचा कप सरकवला.

चहा पिता पिता गौतमचंद म्हणाले, "सर, त्या दिवशी ते मशीन पैल्या लेव्हलवर गेल्तं."

"माहीत हाय."

"मंग बोलले का न्हाई?"

"उद्घाटन होतं ना, शेठ."

गौतमचंदांनी कप खाली ठेवला. मग दोघंही हसायला लागले. हसता हसता त्यांनी बाकीचंही सांगितलं, रोजच्या पाठ डावाचं. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "रोज? कंटाळा न्हाई आला?"

"जिंकायचा कंटाळा येतो व्हय?"

सरांनी मोहरी पुन्हा मांडली.

त्यानंतर गौतमचंद दर रविवारी वाचनालयात जाऊ लागले. ते सरांशी हरले. सर्जेरावांशी हरले, आणि सर्जेराव प्रत्येक वेळी "शेवटचा स्टॉप" म्हणून मात द्यायचे. संध्या मॅडम सुट्टीत आल्या की त्यांच्याशीही हरले. सर्जेराव सोमवारच्या बाजारात समोरून यायचे. पहिल्यांदा गौतमचंदांचे पाय सवयीनं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळले, पण सर्जेरावांनीच रस्ता ओलांडून त्यांना गाठलं आणि काल घोडा कुठे ठेवायला हवा होता ते भाजीच्या गाड्यापाशी उभं राहून समजावलं. भाजीवाली बाई म्हणाली, घोड्याचं नंतर बघा, आधी मेथी घ्या.

दुकानात बातमी यायची बंद झाली. जुनी गिऱ्हाइकं विचारत, "शेठ, कंप्युटरचं काय?" गौतमचंद म्हणत, "हाय आपलं," आणि खिळे तोलत.

मशीन आता दुपारी प्रेमबाई लावतात. कुठून तरी त्यांनी चाली शिकून घेतल्या आहेत. कधी हरतात, कधी जिंकतात, आणि दोन्ही वेळा "बरं झालं" म्हणून स्वयंपाकाला लागतात.

दिवाळीच्या अलीकडे एका सोमवारी त्या बाजारातून आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि गौतमचंदांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काल जिंकले म्हणं तुम्ही. सर्जेरावसंगं."

गौतमचंद पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही. "कोण म्हणलं?"

"सर्जेरावच म्हणले. भाजीच्या गाड्यापाशी सगळ्यांना सांगून राह्यले. लई चांगलं खेळले म्हणले. कालपासून घरात बसून हायेत तुम्ही, एक शब्द न्हाई बोलले?"

"त्याचं ध्यान नव्हतं," पेपरामागून गौतमचंद म्हणाले.

प्रेमबाई आत गेल्या आणि मेथी निवडायला बसल्या.